जीव तर मरत नाही, मग पाप कसलं?



गेल्या आठवड्यात दुपारी ताटात मूग घेऊन निवडत बसले होते. चौमासा, त्यात पेणचा दमट पाऊस. दर दोन मुठींमागे एखादा किडा निघतोच. तो बोटाखाली चिरडू नये म्हणून कागदाच्या कडेवर हळूच घ्यायचा आणि चार दाण्यांसह सावलीत ठेवायचा. आपल्या सासूबाईंनी शिकवलेलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. जयणा. आतल्या खोलीत माझा तेरा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन पडला होता. तिथून आवाज येत होते: "मारला! अजून एक! हेडशॉट!"

मी मोजलं. माझे तीन किडे वाचेपर्यंत त्यानं अकरा माणसं मारली.

आत जाऊन रागावले तर म्हणाला, "मम्मी, खरं थोडंच आहे? जीव थोडाच मरतो?"

हे उत्तर ऐकून मी गप्प बसले असते. पण चार दिवसांनी सामायिक झाल्यावर मंडळातल्या काहीजणींनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या भाचीबद्दल विचारलं. माझी भाची म्हणजे रोह्याच्या ताईची मुलगी. ती पुण्यात गेम डिझाइन शिकली आणि सध्या रोह्याला घरी बसून एक गेम तयार करते आहे. युद्धावरचा. ते कुठून तरी कळलं होतं. "जैनाच्या मुलीनं युद्धाचे गेम करायचे? ताईला सांग, आवर तिला. ज्वेलरी डिझाइन करू दे, कपड्यांचं करू दे."

विचारणाऱ्या प्रत्येकीच्या घरात बंदुकीचा गेम खेळणारा मुलगा किंवा नातू आहे, हे मला माहीत आहे. त्यातल्या दोघींनी मला पूर्वी सांगितलंय, "मुलं आहेत, खेळणारच. खोटं तर असतं सगळं."

म्हणजे मुलगा मारतो ते खोटं, आणि मुलगी त्यावर विचार करायला लावणारं काही बनवते ते पाप. हा हिशेब मला पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट. "जीव तर मरत नाही" हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभेल, आपल्या नाही. कालसौकरिक कसाई आठवा. पुणिया श्रावकाच्या सामायिकाची गोष्ट सांगताना पाठशाळेत ही गोष्टही येतेच. रोज पाचशे रेडे मारणारा तो माणूस. त्यानं एक दिवस जरी हिंसा थांबवली तर आपली नरकगती टळेल, या आशेनं श्रेणिक राजानं त्याला कोरड्या विहिरीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी राजा आनंदानं भगवंतांकडे गेला. भगवान म्हणाले, त्यानं काल विहिरीत मातीचे पाचशे रेडे केले आणि मारले. विहिरीत एकही रेडा नव्हता. रक्ताचा थेंब सांडला नव्हता. हिंसा पूर्ण झाली होती.

मातीच्या रेड्याच्या जागी काचेवरचा माणूस ठेवा. मग सांगा, "खोटं तर आहे" म्हणून आपल्याला सुटता येतं का? आठव्या व्रतात, अनर्थदंडात, अपध्यान पहिल्यांदा येतं ते उगीच नाही. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा फरक आपण लहानपणापासून घोकतो. मुलाच्या हातात मोबाइल आला की विसरतो.

इथपर्यंत मंडळातल्या मैत्रिणी मान डोलावतील. म्हणतील, बघ, म्हणजे गेम वाईटच, मग भाचीला थांबव. थांबा. आता प्रसन्नचंद्र राजर्षींची गोष्ट आठवा.

पोतनपूरचा राजा, लहान मुलाच्या हाती राज्य सोपवून दीक्षा घेतलेला. राजगृहाबाहेर कायोत्सर्गात उभे आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांपैकी एक बोलून जातो की, याचे मंत्रीच याच्या पोराचं राज्य गिळायला निघालेत. शरीर ध्यानात तसंच उभं राहतं आणि मनात युद्ध सुरू होतं. मनातल्या मनात वार, मनातल्या मनात प्रेतं. श्रेणिक विचारतो, या मुनींचा आत्ता मृत्यू झाला तर कुठे जातील? भगवान म्हणतात, सातव्या नरकात. इकडे मनातली शस्त्रं संपतात. आता मुकुटच फेकून मारू म्हणून राजर्षी डोक्याकडे हात नेतात, आणि हाताला लोच केलेलं डोकं लागतं. मी कोण आहे आणि काय करतोय! तिथून परत फिरतात ते थेट केवलज्ञानापर्यंत.

मैत्रिणींनो, हे युद्धसुद्धा खोटंच होतं. त्या खोट्या युद्धानं सातव्या नरकाचं दार उघडलं, आणि त्याच युद्धाच्या मध्यावर, हात डोक्याला लागला त्या क्षणी, मोक्षाचंही उघडलं. ही गोष्ट ज्यांनी आपल्याला दिली त्यांना मनातल्या युद्धाची ताकद दोन्ही बाजूंनी माहीत होती. म्हणून गेममध्ये युद्ध आहे की नाही हा आपला प्रश्नच नव्हे. खेळणाऱ्याचा हात डोक्याला लागण्याची सोय त्या गेममध्ये केली आहे का, एवढं बघायचं.

माझ्या मुलाच्या गेममध्ये ती सोय नाही. मी त्याच्या शेजारी अर्धा तास बसून पाहिलं. माणूस पडतो, त्याच्या जागी सामानाची पेटी उरते, वर आकडा वाढतो. पडलेल्याला चेहरा नाही, आई नाही, उद्या नाही. पेणमध्ये राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना गणपतीच्या कारखान्यातली डोळ्यांची आखणी माहीत आहे. मूर्ती घडली, रंगली, तरी डोळे लिहीपर्यंत ती माती असते. डोळे आले की आपण हात जोडतो. या गेममधल्या माणसांना कुणी डोळेच लिहिलेले नाहीत. लिहिले तर गोळी सुटणार नाही, हे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक असावं.

आता भाचीच्या गेमबद्दल.

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी केंद्र सरकारनं जी ठिकाणं ठरवली होती त्यात आपल्या जिल्ह्यातलं उरण होतं आणि रोहा-धाटाव-नागोठणेही होतं. धाटावला रसायनांचे कारखाने, नागोठण्याला मोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प. युद्धात शत्रूची नजर कुठे जाईल ते यादीच सांगत होती. ताई त्या दिवशी फोनवर घाबरून बोलत होती. भाची मात्र म्हणाली, "मावशी, मी नकाशावर वरून बघितलं. कुंडलिका म्हणजे एक रेघ, धाटाव म्हणजे पत्र्याचे चौकोन. आपलं देरासर म्हणजे पांढरा ठिपका. आई गच्चीवर कपडे वाळत घालते ती दिसतसुद्धा नाही. ज्याच्या हातात बटण आहे त्याला आपण असे दिसतो."

त्यातून तिचा गेम निघाला. पहिल्या भागात तुम्ही नदीकाठच्या एका गावात सहा दिवस राहता. पाणी भरता, दुकान उघडता, एका म्हातारीला औषध नेऊन देता, कोण किती वाजता दिवा मालवतं ते कळतं. दुसऱ्या भागात तुम्ही एका बंद खोलीत पडद्यासमोर बसता. पडद्यावर तेच गाव वरून दिसतं. माणसं म्हणजे ठिपके. हुकूम येतो: कारखान्यामागे चार संशयित जमलेत. बटण तुमच्या हातात. ते चार ठिपके कोण आहेत हे खात्रीनं कळत नाही, वेळ थोडा. बटण दाबलं तर तुम्ही परत गावात जाता, खाली. नाही दाबलं तरीही जाता. आणि ती काही गोड गोष्ट सांगत नाही. एका खेळीत ते चौघं पाणी मुरवायला चर खणणारे निघतात. दुसऱ्या खेळीत खरोखरच घातपाती निघतात आणि बटण न दाबल्यामुळे पुलावरची बस जाते. गुण कुठेही नाहीत. मागे जाण्याचं बटण नाही.

"असल्या भयंकर गोष्टी कशाला हव्यात आपल्याला?" असं विचारणाऱ्यांना मी भगवतीसूत्राकडे पाठवते. गुरुमहाराजांना विचारा, सातव्या शतकात काय आहे. कोणिक आणि चेडा राजाची युद्धं आहेत, महाशिलाकंटक आणि रथमूसल. रथमूसल संग्रामाचं वर्णन ऐका: घोडे नाहीत, सारथी नाही, आत योद्धा नाही, असा एक रथ मुसळ घेऊन रणांगणात आपोआप फिरतो आणि माणसं चिरडत जातो. मेलेल्यांचा आकडा लाखांत दिलाय. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा व्याख्यानात बसल्या बसल्या अंगावर काटा आला. चालवणारा आत नसलेलं मारणारं यंत्र! आज त्याला आपण ड्रोन म्हणतो.

आणि गौतमस्वामी तिथे विचारतात ते अगदी आजच्या टीव्हीवरचंच: लोक म्हणतात, युद्धात मेलेले सगळे स्वर्गात जातात, हे खरं का? भगवान सरसकट हो म्हणत नाहीत. ते वरुण नागनत्तुआची गोष्ट सांगतात. व्रतधारी श्रावक, बेले करणारा, राजाज्ञेनं रथमूसल युद्धात जावं लागलेला. त्यानं नियम घेतला: जो माझ्यावर आधी वार करेल त्याच्यावरच मी वार करीन. समोरच्यानं बाण मारेपर्यंत तो थांबला. चेडा राजाचाही नियम सांगतात, दिवसाला एकच बाण.

युद्ध टाळता येत नाही तेव्हा माणसानं कसं वागावं, कुठे थांबावं, हे प्रश्न आगमात आहेत आणि आपण म्हणतो जैनाच्या मुलीनं असल्या विषयाला हात लावू नये! सैनिक विरोधी हिंसा करतो, देश राखतो. त्याच्यावर मी बोट ठेवत नाही, ठेवण्याचा अधिकारही नाही. पण मे महिन्यात आपल्या साधर्मिक ग्रुपवर मिसाइलचे व्हिडिओ फिरत होते, त्याखाली टाळ्यांची चित्रं येत होती, त्याला काय नाव द्यायचं? करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींचं प्रतिक्रमण आपण करतो ना? तो व्हिडिओ भाचीनं बनवला नव्हता. पुढे आपण पाठवला होता.

जग कुठे गेलंय तेही सांगते. युक्रेनच्या सैन्यात तुकड्यांना गुण मिळतात. शत्रूच्या सैनिकाला किंवा रणगाड्याला टिपल्याचा ड्रोनचा व्हिडिओ दाखवला की गुण जमा होतात, आणि त्या गुणांवर नवीन ड्रोन मागवता येतात. ते आपल्या भूमीसाठी लढताहेत, त्यांची अडचण मी पेणमध्ये बसून काय ओळखणार. पण बघा, खेळ युद्धासारखा होता होता युद्धच खेळासारखं झालं. २००२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यानं स्वतःचा गेम काढून फुकट वाटला होता, तरुण मुलं भरतीकडे वळावीत म्हणून. गेमची ताकद सैन्यांना वीस वर्षांपूर्वी कळली. आपल्याला अजून तो पोरखेळ वाटतो.

आणि दुसऱ्या बाजूनंही काम झालंय, ते भाचीमुळे मला कळलं. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या एका कंपनीनं २०१४ मध्ये 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा गेम केला. नव्वदच्या दशकात साराजेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून तो सुचलेला. त्यात तुम्ही सैनिक नसता. वेढलेल्या शहरातली साधी माणसं असता. औषध नाही, सरपण नाही, रात्री बाहेर पडून शोधायचं. एका घरात म्हातारं जोडपं असतं, त्यांच्याकडे अन्न असतं. चोरायचं का? चोरलं तर तुमचाच माणूस पुढे खचून जातो, जेवत नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळांच्या वाचनाच्या यादीत घातला, पुस्तकांच्या शेजारी. २०१७ मध्ये प्रागच्या एका कंपनीनं आपल्या प्रसिद्ध युद्धाच्या गेमला एक भाग जोडला, त्यात तुम्ही युद्ध संपल्यावर गावातले सुरुंग काढणारे मदतनीस असता. युद्धाचे नियम काय असतात ते त्यात कळतं, आणि त्याच्या कमाईतला वाटा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला गेला.

हे लोक जैन नाहीत. हात डोक्याला लावण्याची सोय मात्र त्यांनी केली. ज्यांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांच्याकडून हे यायला नको होतं का?

"खेळ बनवणं आपलं काम नव्हे" असंही एकीनं ऐकवलं. सापशिडी कुणाची, ताई? ज्ञानबाजीचे जुने जैन पट संग्रहालयांत आजही आहेत. बहुतेकांवर ८४ घरं, सर्वांत वर सिद्धशिला. शिडीच्या पायथ्याशी गुण, सापाच्या तोंडाशी दोष, प्रत्येक घरात नाव लिहिलेलं. पर्युषणात हा पट मांडला जायचा. माझ्यासारखीच कुणी बाई उपवासाच्या दुपारी सोंगट्या टाकता टाकता क्रोधाच्या घरात जाऊन खाली घसरली असेल. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याचाच सख्खा भाऊ मोक्षपट. पुढे हा खेळ इंग्लंडला गेला, आणि हळूहळू घरांतली नावं पुसली गेली. आता मुलांच्या सापशिडीत फक्त आकडे आहेत. का चढलो, का पडलो, काही नाही. नव्व्याण्णववरून घसरलास, टाक परत फासा.

माझ्या मुलाच्या मोबाइलमध्ये तेच झालंय. नावं पुसली, आकडे राहिले. माझी भाची घरांत परत नावं लिहिते आहे. हे आपलंच काम आहे. आपण ते विसरलो होतो.

आता तुमचा सर्वांत जड आक्षेप. एका वयस्कर श्राविकेनं शांतपणे मांडला, म्हणून मीही शांतपणे उत्तर देते. त्या म्हणाल्या, "खेळणारा एकटा पाप बांधतो. बनवणारी हजारांकडून करवते. करावणाचं पाप मोठं. आणि त्यातला एखादा मुलगा नुसतं बटण दाबायची मजा घेईल, त्याचं काय?"

त्या बरोबर बोलल्या. मी पाहिलंय. दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं आपला अर्धामुर्धा गेम आणला आणि माझ्याच मुलाला खेळायला दिला. पहिले सहा दिवस त्यानं कंटाळत, पळापळ करत संपवले. हुकूम आला आणि चार सेकंदांत त्यानं बटण दाबलं. पहिला प्रश्न, "पॉइंट कुठे दिसतात?" भाचीचा चेहरा उतरला. माझाही. मग गेमनं त्याला खाली गावात नेलं. औषध द्यायला म्हातारीच्या दारात गेला तर दार उघडेना. तो दहा मिनिटं ते दार वाजवत राहिला. मग म्हणाला, "परत मागे कसं जायचं?" जाता येत नाही म्हटल्यावर चिडला, "ही चीटिंग आहे," म्हणून मोबाइल टाकून निघून गेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारलं, "ती आजी त्या चौघांत होती का, की तिचं कुणी होतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच्या जुन्या गेमवर होता, हेडशॉट ओरडत.

एका गेमनं मुलगा संत होत नाही. पाठशाळेत सात वर्षं जाऊन तरी कुठे झालाय? पण त्या जुन्या गेमनं तीन वर्षांत एकदाही त्याला रात्री प्रश्न विचारायला लावला नव्हता. त्या वयस्कर श्राविकेला मी एवढंच म्हणेन: मारल्याबद्दल जिथे बक्षीस मिळतं तिथे बनवणारी करवते, हे शंभर टक्के मान्य. तसला गेम करायला भाची निघाली तर तिला आडवी पडणारी पहिली मी असेन. मारण्यानंतरचं बंद दार जी दाखवते, ती काय करवते? ती आलोचना करवते. प्रतिक्रमणात आपण तरी काय करतो? केलेल्या हिंसेची नावं एकेक करून उच्चारतो. ती नावं तोंडी आणल्यानं पाप वाढतं असं कुणी म्हणत नाही.

आणि आता जे मला सर्वांत जास्त झोंबलं ते. भाचीला एका गेम कंपनीकडून नोकरी आली आहे. पगार चांगला. काम काय? बंदुकांना रंग द्यायचे. सोनेरी बंदूक, मोरपिसाची बंदूक, नवरात्रात नऊ रंगांच्या नऊ बंदुका. मुलं पैसे देऊन त्या विकत घेतात. घरात आणि समाजात सगळ्यांचं मत, ही नोकरी घे. "त्यात काय, नुसतं रंगाचंच तर काम. युद्धाबिद्धाचा विचार करायला नको, पगार महिन्याला."

मैत्रिणींनो, जरा ऐका आपण काय बोलतोय. बंदूक सजवायला हरकत नाही, कारण त्यात पगार आहे आणि विचार नाही. बंदूक झाडल्यावर काय होतं ते दाखवायला हरकत, कारण त्यात विचार आहे आणि पगार नाही. शस्त्र पुरवणं, हिंसाप्रदान, तेही त्याच आठव्या व्रतात आहे. पंधरा कर्मादानांची यादी आपल्या पोरींना पाठ असते. शेवटी सून शोधताना पॅकेज बघतो.

काहीजणी म्हणतात, सगळे गेम सरकारनं बंद करावेत. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला होता, देशाच्या सुरक्षेच्या कारणानं, हिंसेच्या नव्हे. पुढच्या वर्षी तो नवीन नावानं परत आला आणि आपली मुलं पहिल्या दिवशी रांगेत होती. बंदीची वाट बघणाऱ्या आईनं मुलाशेजारी बसायचं काम फक्त पुढे ढकललेलं असतं. हे मी स्वतःलाही म्हणतेय. तीन वर्षं मीही मूग निवडत बाहेरच बसले होते.

म्हणून मी काय करणार ते सांगते. चौमासा लागायच्या आधी पापडाचं काम आटोपलं, त्यातले माझे पैसे बाजूला आहेत. ते भाचीला देणार आहे, सहा महिने तिला त्या नोकरीला हो म्हणावं लागू नये म्हणून. घरात यांना सांगितलं. हे म्हणाले, "बुडतील." बुडू देत. दर पर्युषणात स्वप्नांच्या बोलीत आपण याहून जास्त बोलतो, आणि बोलतो ते चारचौघांत नाव पुकारलं जातं म्हणूनसुद्धा, खरं सांगा. सहा महिन्यांनी तिचा गेम फसला तर ती नोकरी धरेल, मी काही बोलणार नाही. पण तिला एकटीला उभं करून आपण सगळ्या मागे सरकलो, असं व्हायला नको.

तुमच्याकडून पैसे मागत नाही. अर्धा तास मागते. पेणमध्ये गणपतीच्या गाड्या भरायला लागल्यात, म्हणजे आपली संवत्सरी जवळ आली. तेवढ्यात एक दिवस मुलाच्या, नातवाच्या शेजारी जाऊन बसा. रागावू नका, मोबाइल ओढू नका. खेळू द्या. एखादा माणूस पडला की एवढंच विचारा, "हा कोण होता रे?"

तो म्हणेल, "माहीत नाही."

मग पुन्हा विचारा.